आडनाव नसलेले पूर्वज

माळव्याच्या पश्चिम कडेला, माही नदीच्या काठी, सरदारपूर हे आमचे गाव आहे. शिंदेशाहीत येथे अमझेरा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते आणि इंग्रजांची माळवा भिल्ल पलटणही याच गावी असे. कचेरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे त्या काळी इकडे आली, त्यांतली थोडी अद्याप टिकून आहेत. इंदूर, धार, देवास येथील मराठी वस्तीच्या मानाने आमची संख्या नगण्य. तथापि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर जमावे, वाचलेल्या पुस्तकाविषयी चार शब्द बोलावेत आणि चहा घेऊन घरी जावे, एवढा परिपाठ आम्ही चालू ठेवला आहे.

गेल्या पावसाळ्यात बोलण्याची पाळी माझी होती. विल्यम गोल्डिंग यांची ‘द इनहेरिटर्स’ ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली होती. निअँडरथल मानवांच्या एका लहानशा कुटुंबाची ती कथा आहे. ती वाचताना मला निखळ आनंद झाला, असे मी सांगितले आणि त्या आनंदाचे थोडे वर्णन केले. मी खाली बसतो न बसतो तोच एक वयोवृद्ध आणि बहुश्रुत गृहस्थ म्हणाले, “अहो, ज्या काळाचे कागदाचे एक चिटोरेही शिल्लक नाही, त्या काळाची कादंबरी म्हणजे शुद्ध थाप. जेथे इतिहासाचे अधिष्ठान नाही तेथे रस कसला?” बैठक किंचित गंभीर झालेली पाहून त्यांनी लगेच पुस्ती जोडली, “आणि आदिमानवच पाहायचा असेल, तर पुस्तकावर पैसे कशाला घालवता? नदीपलीकडच्या फळियात एक चक्कर मारून या.”

सगळे हसले. भिल्लांच्या वस्तीला आमच्याकडे फळिया म्हणतात. त्याच फळियातला एक तरुण शिक्षक वाचायला नेलेले पुस्तक परत करण्यासाठी त्या संध्याकाळी आला होता आणि दाराशी बसला होता. तोही हसला.

मी काहीच बोललो नाही. वयाचा मान, घरच्या यजमानांचा संकोच, अशी कारणे माणसाला अशा वेळी सुचतात आणि ती सगळी लटकी असतात. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या दोन वाक्यांत आपल्या मराठी वाचनाचा एक मोठा दोष सामावलेला आहे, आणि तो केवळ त्या एका गृहस्थांचा नाही. म्हणून जे ओसरीवर बोलायला हवे होते ते येथे लिहीत आहे.

प्रथम पहिला आक्षेप घेऊ. कागदपत्रांवाचून कादंबरी म्हणजे थाप, हे मत आपल्याकडे सुशिक्षितांत चांगलेच रुजलेले आहे. त्याला कारणही आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली अवतरली, तेव्हापासून आजतागायत ऐतिहासिक कादंबरी हे मराठी वाचकाचे आवडते खाद्य आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पासून रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पर्यंत आणि तेथून विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’पर्यंत पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यावर पोसलो. या कादंबऱ्या वाचताना आपल्याला एक धीर असतो, की यामागे बखरी आहेत, पत्रे आहेत, रुमाल आहेत.

परंतु जरा विचार करावा. माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे निवर्तले, हे इतिहास सांगतो. क्षयाने जर्जर झालेल्या त्या तरुणाच्या उशाशी बसलेल्या रमाबाईंच्या मनात त्या रात्री काय चालले होते, हे कोणत्या रुमालात बांधून ठेवले आहे? ‘स्वामी’ वाचताना ज्यांचे डोळे ओलावले, ते कागदपत्रांमुळे ओलावले काय? कागदांनी केवळ चौकट दिली. तिच्या आतले माणूस कादंबरीकाराने स्वतःच्या अंतःकरणातून उभे केले, आणि ते आपल्याला पटले ते आपल्या अंतःकरणाची साक्ष काढून. मग ही चौकट कागदाऐवजी हाडांनी आणि मडक्यांनी दिली, तर बिघडले कोठे? कागद खोटे लिहितो, खुशामत करतो, पक्षपात करतो. हाडाला यांतले काहीच येत नाही.

एक उदाहरण देतो. इराकमधील शानिदार नावाच्या गुहेत राल्फ सोलेकी या पुरातत्त्वज्ञाला १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याचा उजवा हात तरुणपणापासूनच निकामी झालेला होता, एका पायाने तो अधू होता आणि चेहऱ्याला झालेल्या इजेमुळे त्याचा एक डोळा गेलेला असावा. तरीही तो त्या काळाच्या मानाने म्हातारा होऊन मेला, कारण या जखमा भरून आल्याच्या खुणा त्या हाडांवर स्पष्ट आहेत. ज्याला शिकार साधत नाही आणि नीट धावता येत नाही, अशा माणसाला इतकी वर्षे कोणी जगवले? कोणीतरी त्याच्यासाठी थांबले असेल, कोणीतरी आपल्या घासातला घास काढून ठेवला असेल. या सांगाड्यावरूनच अमेरिकेच्या जीन ऑएल यांना त्यांच्या ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’ या १९८० सालच्या कादंबरीतला पंगू, एकाक्ष, पण टोळीत सर्वांत आदरणीय असा मांत्रिक सुचला. याला थाप म्हणायचे असेल, तर मग प्रत्येक कादंबरीलाच म्हणावे लागेल.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून तेथे वर्षानुवर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तेथे राहणारे शेतकरी, मूल मेले तर ते दोन मडक्यांत, मडक्याच्या तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरत असत. मोठी माणसे मेली तर अनेकदा घोट्याखालची पावले तोडून त्यांना मूठमाती देत. मेलेल्याने परत चालत येऊ नये म्हणून पावले तोडायची, आणि मूल मात्र घरातून जाऊच नये म्हणून चुलीजवळ ठेवायचे, असा अर्थ यातून काढण्याचा मोह कोणाला होणार नाही? तो अर्थ खरा असेल किंवा नसेल. पण ती जमीन सारवताना त्या आईचा हात कसा थरथरला असेल, याचा विचार ज्याच्या मनात येत नाही, त्याने बखरी वाचूनही काय साधले?

आणखी एक गोष्ट. ऑएल यांच्या कादंबरीत आपल्या जातीच्या एका मुलीला निअँडरथल टोळीत वाढताना दाखवले आहे आणि त्या टोळीतल्या पुरुषापासून तिला मूल होते. २०१० साली स्वान्ते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल मानवाच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि आफ्रिकेबाहेरच्या सर्व मानववंशांत त्या मानवाचा थोडा, म्हणजे शेकडा एक-दोन इतका, वारसा शिल्लक आहे असे दिसून आले. पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीने भविष्य वर्तवले असा माझा दावा नाही. दावा इतकाच, की हाडांची चौकट सांभाळून केलेली कल्पना ही थाप नसते, ती एक प्रकारची चौकशी असते. आणि कधी कधी ती प्रयोगशाळेच्या आधी दाराशी जाऊन पोचते.

याचा अर्थ प्रागैतिहासिक कादंबरीकाराला वाटेल ते लिहिण्याची सनद मिळाली, असा मात्र नव्हे. आमच्याच धार जिल्ह्यात बाग-कुक्षीच्या परिसरात पाडल्या नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी शेतात सापडणारे वाटोळे दगड ‘काकर भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले. ती डायनोसॉरची अश्मीभूत अंडी आहेत, हे तज्ज्ञांचे म्हणणे २०२३ साली सर्वत्र प्रसिद्ध झाले. शेवटचा डायनोसॉर आणि पहिला माणूस यांच्यामध्ये सहा कोटी वर्षांहून अधिक काळ लोटलेला आहे. तेव्हा जो लेखक आपल्या आदिमानवाला डायनोसॉरच्या पाठीमागे धावायला लावतो, त्याला थापाड्या म्हणण्यास माझी मुळीच हरकत नाही. पाडल्याच्या शेतकऱ्याने न कळणाऱ्या वस्तूपुढे निदान हात तरी जोडले. या लेखकाने तेवढेही केले नाही. किंबहुना गोल्डिंगच्या कादंबरीतही आजच्या ज्ञानाने पाहता एक मोठी चूक आहे. त्यांचे निअँडरथल जीवहत्या न करणारे, साधेभोळे, कंदमुळांवर आणि वाघराने टाकलेल्या शिकारीवर जगणारे आहेत. प्रत्यक्षात निअँडरथल मानव निष्णात शिकारी होता, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. अशी चूक दाखवून द्यावी. जरूर दाखवून द्यावी. परंतु ती दाखवण्यासाठी आधी पुस्तक वाचावे लागते.

चूक असूनही मला आनंद कशाचा झाला, हे आता सांगतो, कारण दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे.

या कादंबरीचा नायक लोक हा काही मोठा बुद्धिमान नाही. त्याच्या टोळीतली माणसे विचार करीत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्रे येतात, आणि एकाला दिसलेले चित्र कधी कधी दुसऱ्यालाही दिसते. दरवर्षी ओलांडायचा ओंडका या वर्षी पाण्यावर नाही, एवढ्या साध्या गोष्टीने त्यांचे जग डळमळते. म्हातारा माल थंड पाण्यात पडतो, आजारतो आणि मरतो. मग त्या बेटावर कोणी ‘नवी माणसे’ आली आहेत असे दिसू लागते. ती नवी माणसे म्हणजे आपण. पलीकडच्या काठावरून लोकवर बाण सोडला जातो, पण बाण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. समोरच्या माणसाच्या हातातली काठी आखूड झाली, पुन्हा लांब झाली, आणि आपल्या कानाजवळच्या झाडाला अकस्मात एक डहाळी फुटली, एवढेच त्याला दिसते. त्या डहाळीचे त्याला कौतुक वाटते. वाचकाला मात्र बाण दिसतो आणि त्याचा जीव कासावीस होतो. जे लोकला कळत नाही ते आपल्याला कळते, आणि जे त्याला वाटते ते आपण कधीच विसरून गेलो आहोत, या दोहोंच्या मध्ये ही कादंबरी वाचकाला उभी करते.

त्या दिवसांत येथे सलग चार रात्री पाऊस होता. वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडात मी ते पुस्तक वाचत होतो आणि बाहेर माहीचा आवाज वाढत चालला होता. ही नदी आमच्याच तालुक्यात मिंडा गावाजवळ उगम पावते. उन्हाळ्यात ती पोराने उडी मारून ओलांडावी एवढी असते. त्या रात्री तिचा आवाज ऐकून मला प्रथमच वाटले, की पाण्याला भिणे, निखारा राखेत जपून ठेवणे, अंधारात शेजारच्या माणसाचा श्वास ऐकून धीर धरणे, या गोष्टी मला कोणी शिकवलेल्या नाहीत. त्या माझ्यात कोणीतरी ठेवून गेले आहे. ज्यांनी ठेवल्या त्यांचे नाव मला माहीत नाही, त्यांची भाषा मला कळली नसती, आणि तरीही ते माझे आहेत. हा आनंद मला दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या कादंबरीने दिलेला नाही.

आता तो दुसरा आक्षेप, ज्याला आक्षेप म्हणण्यापेक्षा अपराध म्हणणे योग्य होईल. आदिमानव पाहायला फळियात जा, असे जो म्हणतो, त्याने एका उपसर्गाने स्वतःची फसवणूक करून घेतलेली आहे. ‘आदिमानव’ आणि ‘आदिवासी’ या दोन शब्दांत ‘आदि’ तोच दिसतो, परंतु त्याचे काम वेगळे आहे. आदिमानवाचा ‘आदि’ हा काळ सांगतो. आदिवासींचा ‘आदि’ हा हक्क सांगतो. या भूमीवर आधी वस्ती आमची, असे तो शब्द म्हणतो. त्या हक्काचे आपण मागासलेपण केले आणि वर विनोद म्हणून ते चारचौघांत वाढले.

वस्तुस्थिती काय आहे? जगातली कोणतीही जिवंत माणसे दुसऱ्या जिवंत माणसांपेक्षा जुनी नसतात. आफ्रिकेतून निघालेल्या त्या प्राचीन मानवांपासून फळियातल्या माणसापर्यंत जितका काळ लोटला, नेमका तितकाच माझ्यापर्यंत लोटला आहे. त्याच्या घराण्याने वाटेत कोठे विश्रांती घेतलेली नाही. त्याची भिली बोली ही गुजरातीला जवळची अशी आर्यभाषा आहे, म्हणजे मराठीची आणि कोकणीची बहीणच. त्याच्या शेतातला मका कोलंबसानंतर अमेरिकेतून आला. आणि आमच्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, तीत पडणारा शेंगदाणा आणि मिरची हीही तेथूनच आली. या हिशेबाने त्याची मक्याची रोटी आणि आमचा सोवळ्यातला फराळ यांत अधिक प्राचीन कोण, हे ठरवणे कठीण आहे. ज्या पलटणीमुळे आमच्या गावाचे नाव सरकारी दप्तरांत गेले, ती पलटण भिल्लांची होती. निमाडातल्या टंट्या भिल्लाला इंग्रजांनी १८८९ साली जबलपुरात फाशी दिले. शेजारच्या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या, तेथेच जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागदावर चित्रे काढायला सांगितले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा सारा इतिहास आहे, सनावळीसकट. इतिहासाचे अधिष्ठान मागणाऱ्या आमच्या गृहस्थांना तो दिसू नये, याला काय म्हणावे?

गोल्डिंगची कादंबरी नेमका हाच दोष आपल्या पदरात घालते. तिच्या प्रारंभी एच. जी. वेल्स यांचा एक उतारा छापलेला आहे. त्यात निअँडरथल मानवाचे वर्णन कुरूप आणि राक्षसी असे केले आहे. उतारा वाचून वाचक पान उलटतो आणि त्या ‘राक्षसा’च्या डोळ्यांनीच जग पाहू लागतो. शेवटाकडे लेखक अचानक ती दृष्टी काढून घेतो. ज्याच्या सुखदुःखात आपण दोनशे पाने वावरलो, तो लोक आता दुरून, कोणा परक्या प्राण्यासारखा दाखवला जातो. मराठीत सांगायचे तर ‘तो’ जाऊन ‘ते’ येते. आणि अगदी अखेरीस आपण नव्या माणसांच्या होडीत बसलेले असतो. त्या होडीतल्या माणसांच्या मते, मागे राहिले ते सैतान होते. ज्यांनी लोकच्या टोळीतली लहान मुलगी पळवून नेली आणि मारली, त्यांना तसे वाटते!

आमच्या ओसरीवर त्या संध्याकाळी हेच घडले. दाराशी बसलेल्या एका शिकल्यासवरलेल्या माणसाचे एका वाक्यात ‘ते’ झाले, आणि आम्ही सगळे होडीत बसून हसलो. त्यालाही हसावे लागले, ही त्यातली अधिक शरमेची गोष्ट. ज्याला वाटते की प्रागैतिहासिक कादंबरी हा पोरखेळ आहे, त्याने ही कादंबरी वाचली असती तर ते वाक्य त्याच्या जिभेवर येताना अडखळले असते. एवढे जरी एखाद्या पुस्तकाने केले, तरी त्याचे पैसे फिटले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कोणत्याही मराठी वाचकाला पाच ऐतिहासिक कादंबऱ्यांची नावे विचारा. तो दहा सांगेल. एका प्रागैतिहासिक कादंबरीचे नाव विचारा. तो तुमच्या तोंडाकडे पाहील. हे का व्हावे? साहित्य नाही म्हणून? भीमबेटकाच्या चित्रगुहा १९५७ साली शोधून जगापुढे मांडल्या त्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी, म्हणजे नीमचला जन्मलेल्या, माळव्यातल्याच मराठी माणसाने. महेश्वरसमोर नर्मदेपलीकडे नावडाटोलीला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली ती हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली पुण्याबडोद्याच्या विद्वानांनी. सीहोर जिल्ह्यात हथनोरा येथे नर्मदेच्या थरांत अरुण सोनकिया यांना १९८२ साली प्राचीन मानवाची कवटी सापडली. कोकणच्या सड्यांवर आणि गोव्यात सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी पणसायमळला कातळात कोरलेली चित्रे आहेत. सामग्रीला तोटा नाही. कल्पनाशक्तीलाही तोटा नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीची कथा लिहिली आणि ती आपण आवडीने वाचली. वानरांपर्यंत आपली सहानुभूती पोचते, मावळ्यांपर्यंत पोचते. मधल्या लाखो वर्षांवरूनच ती उडी मारून जाते.

याचे कारण माझ्या मते एकच आहे. ऐतिहासिक कादंबरीत आपल्याला आडनाव भेटते. आपले कुळ, आपली जात, आपला प्रांत, आपले शत्रू, सगळे तयार मिळते आणि पुस्तक मिटताना छाती दोन बोटे फुगलेली असते. आदिमानवापाशी यांतले काही नाही. तो देशस्थ नाही, कोकणस्थ नाही, मराठा नाही, सारस्वत नाही. तो हिंदू नाही आणि ख्रिस्तीही नाही. त्याच्या नावाने जयंती निघत नाही. त्याच्यावर प्रेम करता येते, पण त्याचा गर्व करता येत नाही. आणि ज्याचा गर्व करता येत नाही त्यावर प्रेम करण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. राहुल सांकृत्यायनांनी हजारीबागच्या तुरुंगात १९४२ साली लिहिलेल्या ‘व्होल्गा से गंगा’तली पहिलीच कथा आठ हजार वर्षांपूर्वीच्या एका मातृप्रधान कुटुंबाची आहे. आपल्याकडेही तो ग्रंथ पुष्कळांनी वाचला. पण त्यावर वाद घातला तो पुढच्या आर्यांविषयी. त्या पहिल्या कथेतल्या बर्फातल्या आईकडे किती जणांनी मागे वळून पाहिले?

ही केवळ रुचीची बाब असती तर मी एवढे शब्द खर्चिले नसते. किल्ल्याच्या तटाचा एक चिरा निखळला, तर महाराष्ट्रात उचित असा क्षोभ होतो. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर कोणा अज्ञात हातांनी सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरून ठेवला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे रेखली आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातले पणसायमळ अशी नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी आणि थोडे अभ्यासक यांना त्या चित्रांची आठवण करून द्यावी लागली. प्रकल्प हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. पण हीच रेखाचित्रे एखाद्या सरदाराच्या घराण्याने कोरलेली असती, तर ती आठवण करून देण्याची वेळ आली असती काय? ज्या दगडाला वंशज नाही त्याच्यासाठी उभे राहायला कोणी नसते. कादंबरी त्याला वंशज मिळवून देते. हेच तिचे काम आहे आणि हेच आपल्याकडे झालेले नाही.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. आमच्या लेखकांनी पाचशे-सातशे वर्षांच्या परिघातून एकदा बाहेर पडावे. इनामगावच्या त्या आईची कथा लिहावी. कशेळीच्या सड्यावर गुडघे टेकून हत्तीची सोंड कोरणाऱ्याला तो हत्ती कोठे दिसला, हे सांगावे. कुशावतीच्या काठचा चक्रव्यूह कोकणीत कोणी रंगवील, तर तो पुस्तकासाठी मी गोव्याची वाट धरीन. या विषयावरच्या चांगल्या परभाषी कादंबऱ्या मराठीत आणि कोकणीत याव्यात, आणि ग्रंथालयांनी त्या मुलांच्या कपाटात न ढकलता मोठ्यांच्या कपाटात ठेवाव्यात. संशोधकांनी त्यांतल्या चुका निष्ठुरपणे दाखवाव्यात. त्याने कादंबरीचे काही बिघडत नाही. आणि वाचकांनी, विशेषतः जे स्वतःस इतिहासाचे भोक्ते म्हणवतात त्यांनी, गर्व करण्यासारखे काही हाती न लागताही एखादे पुस्तक आनंदाने वाचता येते काय, याची परीक्षा स्वतःवर घेऊन पाहावी.

आमची पुढची बैठक येत्या महिन्यात माझ्याच घरी आहे. फळियातल्या त्या तरुण शिक्षकांना मी घरी जाऊन बोलावणे केले आहे, आणि गेल्या वेळी गप्प बसल्याबद्दल क्षमा मागितली आहे. ते म्हणाले, “सर, आम्हाला त्याची सवय आहे.” ही सवय त्यांना आपण लावली. ती मोडण्याचे काम एका कादंबरीने होईल इतका मी भाबडा नाही. पण त्या ओसरीवर ते वाक्य पुन्हा उच्चारले गेले, तर या वेळी उत्तर देणारा एक तरी माणूस तेथे बसलेला असेल.